दुसरं स्टूल

आमच्या गल्लीत तापाची गोळी नुसती मागून मिळत नाही. आधी बोट द्यावं लागतं.

गल्ली म्हणजे घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या डोंगराच्या पायथ्याची. वर डोंगरावर आमची घरं, एकावर एक चढलेली. खाली रस्त्याला लागलं की पहिलं दुकान परब भाऊंच्या मेडिकलचं. तिथे जाऊन कोणी म्हटलं, "भाऊ, तापाची गोळी द्या," की भाऊ गोळ्यांच्या खणाकडे बघतसुद्धा नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, काउंटरवरून उघडा हात पुढे करतात आणि म्हणतात, "बोट दी."

नवीन माणूस गोंधळतो. एकाने त्या हातावर पैसे ठेवले. एकाने हात मिळवून आपलं नाव सांगितलं. एका म्हातारीला वाटलं, हे हात बघतात. तिने तळवा पुढे केला आणि विचारलं, "मुलाचं लग्न कधी जमंल तेवढं सांगा." भाऊ म्हणाले, "आजी, आधी ताप बघूया. लग्नाचा मगे."

भाऊ मालवणकडचे. इतकी वर्षं मुंबईत काढली तरी बोलणं अर्धं तिकडचंच. वय साठीच्या पुढे, अंगाने किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. कोणी त्यांना डॉक्टर म्हटलं की राग येतो. "मी डॉक्टर नाय. मी परब. डॉक्टर तिकडे दवाखान्यात बसतत." पण लोक डॉक्टरच म्हणतात आणि भाऊ दरवेळी तेवढ्याच मन लावून सांगतात की मी परब.

मी त्यांच्या दुकानात झाडू-लादी करते आणि काचा पुसते. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा माझं काम. बोलायला मला फारसं जमत नाही. म्हणून मी बघत बसते. भाऊंसारखा माणूस बघायला मिळाला की बोलायची गरजही पडत नाही.

मलेरियाच्या तपासणीचं असं झालं. काही वर्षांमागे एका योजनेत इकडच्या काही मेडिकलवाल्यांना बोलावून शिकवलं. बोट कसं टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर कसा सोडायचा, वर औषधाचे थेंब किती. दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, पण तिथे रांगेत दिवस जातो, आणि आमच्याकडे ताप आला तरी कामाला जायचं असतं. लोक येता जाता दुकानातून गोळी घेतात, ताप उतरला की विसरतात, मग चार दिवसांनी थंडी वाजून लटलट कापतात. तेव्हा जिथे गोळी घ्यायला येतात तिथेच तपासा, असा योजनेवाल्यांचा विचार. भाऊ शिकून आले. आले ते बदलूनच आले.

काउंटरच्या बाजूला त्यांनी दोन स्टुलं मांडली. एक ज्याला ताप आहे त्याचं. दुसरं स्टूल कशाला, ते पहिल्या दिवशी कळलं.

एक रिक्षावाला आला, शफीक. अंगात ताप, डोळे लाल. त्याने बोट दिलं. भाऊंनी विचारलं, "सोबत कोण आसा?"

"कोई नहीं. अकेला हूँ."

"मग नाय टोचणार."

"क्यों?"

"एकट्याचा बोट मी टोचत नाय. नियम आसा."

असा काही नियम त्यांना शिकवलेला नव्हता, हे मला नंतर कळलं. तो भाऊंनी स्वतःच केला होता. भाऊ रस्त्यावर गेले आणि गणपतीची वर्गणी मागत फिरणाऱ्या एका मंडळाच्या अध्यक्षाला धरून आणलं. त्याला दुसऱ्या स्टुलावर बसवलं. "पाव तास बसा. ह्येंच्याशी गजाली करा." गजाली म्हणजे गप्पा. अध्यक्ष म्हणाले, "मी ह्यांना ओळखत नाय." भाऊ म्हणाले, "म्हणानच तर. ओळखीच्या माणसाशी माणूस नुसतो तापाबद्दल बोलतो."

हा त्यांचा दुसरा नियम. दुसऱ्या स्टुलावर बसणाऱ्याने तापाबद्दल बोलायचं नाही. बाकी काहीही चालेल.

अध्यक्ष आणि शफीक बसले. मग मूर्तीची उंची निघाली, मग ट्रॅफिक निघालं, मग शफीकने सांगितलं की विसर्जनाला कुठल्या रस्त्याने जाऊ नका. पट्टीवर काही निघालं नाही. पण त्या वर्षापासून मंडळाची मूर्ती शफीकने सांगितलेल्या रस्त्याने जाते.

त्यानंतर भाऊंचं हे रोजचंच झालं. दिसेल त्याला धरून आणतात. कुरिअरवाला, बँकेचं कार्ड विकायला आलेली मुलगी, नवऱ्या मुलाचा फेटा बांधायला निघालेला माणूस. एकदा नळावरून भांडलेल्या दोन बायका, ज्या एकमेकींच्या दारावरून जाताना तोंड फिरवायच्या, त्यातली एक तापाने आली. भाऊंनी मुद्दाम दुसरीला बोलावलं. ती म्हणाली, "हिच्यासाठी मी बसू? मरू दे." भाऊ म्हणाले, "मरूक नाय इली ती. पाव तासाचो प्रश्न आसा. भांडा वाटल्यास. भांडणाक माझी ना नाय, फक्त तापाबद्दल बोलू नका." दोघी भांडल्या. मन लावून भांडल्या. घड्याळ वाजलं तेव्हा दुसरी म्हणाली, "थांबा जरा, माझं संपलं नाही अजून." मग तीच पहिलीला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली, कारण पहिलीच्या पट्टीवर मलेरिया निघाला होता.

घड्याळाचंही सांगायला हवं. ते कोंबडीच्या आकाराचं आहे, स्वयंपाकघरातलं. मान पिरगळली की वेळ लागते आणि वेळ झाली की किरर्र ओरडतं. भाऊ त्याला कोंबडीच म्हणतात. "कोंबडी ओरडल्याशिवाय पट्टीकडे बघूचा नाय." माणूस मान वाकडी करून पट्टीकडे डोकावायला लागला की भाऊ तिच्यावर औषधाचा खोका उपडा घालतात. पट्टीवर आधी एक रेघ येते. ती सगळ्यांनाच येते. ती आली म्हणजे पट्टी चालते एवढंच. दुसरी रेघ आली तर मलेरिया. भाऊ म्हणतात, "पयली रेघ पट्टीची, दुसरी तुमची." दुसरी आली की ते स्वतः औषध देत नाहीत. चिठ्ठी देतात, दवाखान्यात पाठवतात, आणि दुसऱ्या स्टुलावरच्या माणसाला सांगतात, "सोडून ये रे ह्याका." तोपर्यंत त्या माणसालाही नाही म्हणवत नाही.

टोचतानासुद्धा त्यांची एक पद्धत आहे. डाव्या हाताने माणसाचं मनगट धरतात, घट्ट नाही, पाखरू धरावं तसं. मग सांगतात, "तिकडे बघ, डब्यावरच्या बाळाकडे." समोरच्या फळीवर बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे आहेत. त्यावरचं गुबगुबीत बाळ सगळ्या गल्लीने बघितलेलं आहे. मोठमोठे हमाल त्या बाळाकडे बघत बोट देतात. टक् असा आवाज होतो, आणि झालं.

डासांशी मात्र भाऊंचं विचित्र नातं. गल्लीतली टायरं, करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या ते सकाळी फिरून उपड्या करतात. कोणाच्या पिंपाला झाकण नसलं तर हाक मारून घरमालकिणीला लाज आणतात. पण डास मारताना म्हणतात, "चावता ती मादी. पोरांसाठी रगत लागता तिका. तिची तरी काय चूक?" आणि मग फट्कन मारतात.

समोर विमलताईंची भाजीची गाडी आहे. विमलताई म्हणजे भाऊंच्या अगदी उलट. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलतात. दिवसभर दोघांचं चालूच असतं.

"ओ परब, आज किती जणांचं रक्त काढलं?"

"तुझ्या भेंडीचो भाव ऐकान रडतत, त्यापेक्षा कमीच."

असं.

तर आता मूळ गोष्ट. ह्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं तेव्हा, भाऊ एक दिवस शर्टाखाली स्वेटर घालून आले.

विमलताईंनी लगेच हेरलं. "काय हो, काश्मीरला निघालात?"

"पंखो लागता."

पंखा बंद होता. मी काच पुसत होते, मला दिसलं. भाऊंचे ओठ थरथरत होते. थोड्या वेळाने स्वेटर काढला, घामाने सगळे भिजले. दुसऱ्या दिवशी बरे. तिसऱ्या दिवशी परत स्वेटर. असा दिवसाआड येणारा ताप कसला असतो ते आता गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. भाऊंनीच तर शिकवलं होतं.

मी झाडताना काउंटरच्या मागे गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडायला लागली. तापाच्याच गोळ्या. ज्या कोणालाही बोट दिल्याशिवाय मिळत नाहीत, त्या भाऊ स्वतः गुपचूप खात होते. मी पाकिटं सुपलीत घेतली, टाकून दिली. बोलायचं मनात होतं, पण आपण लादी पुसणारी, त्यांना काय सांगणार, असं वाटलं.

विमलताईंना असलं काही वाटत नाही. त्यांनी रस्त्याच्या पलीकडूनच आवाज दिला.

"परब, स्वतःचं बोट काय सोन्याचं आहे? गल्लीभर सुया टोचत फिरता, आपली वेळ आली की स्वेटर?"

चार गिऱ्हाईकं उभी होती. सगळी हसली. भाऊही हसले. मग म्हणाले, "माझ्यासोबत कोण आसा? एकट्याचा बोट टोचूचा नाय. नियम म्हणजे नियम."

त्यावर लोक अजून हसले. कसा स्वतःच्याच नियमात अडकला म्हणून. मीही तोंडाला पदर लावून हसले.

संध्याकाळी घरी भाकऱ्या थापताना ते बोलणं परत आठवलं आणि हात थांबला. भाऊ दुकानाच्या मागच्या खोलीत एकटे राहतात. लग्न केलेलं नाही. एक बहीण मालवणला, तिला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. दुपारी डबा येतो, तो दुकानात बसून खातात, कोंबडीच्या घड्याळाला समोर ठेवून. इतक्या लोकांसाठी त्यांनी रस्त्यावरून माणसं धरून आणली. पण स्वतःसाठी कोणाला हाक मारून "जरा बस" म्हणायचं, ते त्यांना येत नव्हतं. मस्करीत बोलले, पण मस्करी नव्हती ती. तव्यावरची भाकरी करपली. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर शटर अर्धं खाली. आत भाऊ काउंटरवर डोकं टेकून बसले होते. स्वेटर, वर टॉवेल. दात एकमेकांवर आपटत होते, तो आवाज मला दारातून ऐकू आला.

"आज लादी रवांदे गो, सुमन," ते म्हणाले. "घरी जा."

मी झाडू कोपऱ्यात ठेवला. हात धुतले. आणि जाऊन दुसऱ्या स्टुलावर बसले.

भाऊंनी डोकं वर केलं. "काय गो?"

मी पहिल्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

ते म्हणाले, "तुका कामा असतील. पुढच्या घरची भांडी."

"भांडी थांबतात," मी म्हटलं.

भाऊ उठले. धरत धरत आले आणि पहिल्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत त्या बाजूला मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. एकदम लहान दिसले. त्यांनी पट्टी काढली, कापसाने बोट पुसलं. सुई हातात घेतली तर हात असा कापायला लागला की सुई बोटावर टिकेना. एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली. मी त्यांचं मनगट धरलं. कढत होतं. ते जसं धरतात तसंच धरायचा प्रयत्न केला.

"तिकडे बघा, भाऊ," मी म्हटलं. "डब्यावरच्या बाळाकडे."

त्यांनी बघितलं. खरंच बघितलं, मान वळवून. आणि टक् झालं.

थेंब पट्टीवर सोडला, औषध सोडलं, कोंबडीची मान पिरगळली, पट्टीवर खोका उपडा घातला. सगळं केलं आणि मग दोघं बसलो.

आता मोठी अडचण माझी होती. दुसऱ्या स्टुलावरच्या माणसाने बोलायचं असतं. कोंबडी टकटक करत होती. भाऊ खाली फरशीकडे बघत होते. तापाबद्दल बोलायचं नाही. मग मला दुसरं काय येतं? महागाई म्हणू? त्यात काय नवीन.

"आमच्याकडे एक शेळी होती," मी म्हटलं.

कुठून आलं कोण जाणे.

"खय? डोंगरावर?"

"नाही. हिंगोलीकडं. गावाला. मी चौथीत होते. ती माझ्याबरोबर शाळेत यायची."

भाऊंनी मान वर केली. "बकरी? शाळेत?"

मग सांगणं भागच होतं. आई-वडील रोजाने जायचे, शेळी सांभाळायचं काम माझं. शेळी सोडून शाळेत जाता येईना, शाळा सोडवत नव्हती. म्हणून शेळीला घेऊन जायचे आणि वर्गाच्या खिडकीच्या गजाला बांधायचे. गुरुजींनी अट घातली होती, शेळी ओरडली तर दोघींनी घरी जायचं. शेळी कधी ओरडली नाही. खिडकीतून तोंड आत घालून फळ्याकडे बघायची. गुरुजी पोरांना म्हणायचे, तिच्याकडं बघा, कसं लक्ष आहे.

भाऊ हसले. हसताना खोकला आला, टॉवेल खाली पडला. मी तो परत त्यांच्या खांद्यावर घातला.

"मगे?"

मग एक दिवस मोठे साहेब तपासायला येणार होते. आम्ही पोरींनी झेंडूचा हार केला. चांगला जाड, मधे आंब्याची पानं. गुरुजींनी तो सांभाळून ठेवला. कुठे, तर खिडकीच्या खुंटीला.

"अरे देवा," भाऊ म्हणाले.

साहेब आले. सगळे उभे राहिले. स्वागताचं गाणं झालं. साहेबांनी मान जरा पुढे केली, हारासाठी. गुरुजींनी साहेबांकडे बघत बघतच मागे खिडकीकडे हात केला…

आणि कोंबडी ओरडली.

दोघंही हललो नाही. ओरडू दिली तिला. दुपारची वेळ, अर्ध्या शटरखालून ऊन आत आलं होतं, पलीकडे विमलताई कोणाला तरी कोथिंबिरीवरून झापत होत्या. भाऊंनी शेवटी हात लांब केला आणि खोका उचलला.

पहिली रेघ होती. दुसरीही होती. चांगली ठळक.

भाऊंनी ती चष्मा लावून बघितली, चष्मा काढून बघितली. इतकी माणसं ह्या स्टुलावर बसून गेली, दुसरी रेघ आल्यावर ती काय बोलायची ते आठवेना.

"इली दुसरी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बरा, ता रवांदे. साहेबाच्या गळ्यात काय घातला?"

"आधी दवाखान्यात चला."

"आधी सांग."

"चला, मग सांगते."

मी शटरखालून वाकून बाहेर गेले आणि रस्त्यात उभी राहून पलीकडे रिक्षात बसलेल्या शफीकला हाक मारली. मोठ्याने. विमलताईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला असेल. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. बोलल्या मात्र एवढंच, "जा तुम्ही. दुकानावर माझं लक्ष आहे." आणि कधी नव्हे ते हळू आवाजात.

रिक्षात भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. शफीक सगळे खड्डे टाळत हळू चालवत होता आणि मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खात होता.

दवाखान्यात खिडकीवर बसलेल्या बाईंनी भाऊंना ओळखलं. "परब, आज स्वतः आलात? पेशंट कुठाय?"

भाऊंनी आपली स्वतःची पट्टी पुढे ठेवली.

बाईंनी ती बघितली, भाऊंकडे बघितलं, आणि पेन उचलून त्या सगळ्यांना विचारतात तेच विचारलं. "सोबत कोण आहे?"

भाऊंनी कापूस लावलेलं बोट माझ्याकडे केलं.

"ही आसा," ते म्हणाले. "आणि आमका जरा बाजूबाजूक बसवा. हिची गजाल अर्धी रवली हा."